आजोबांची विहीर कोणी आटवली?

मी पोहायला शिकलो ते आजोळच्या विहिरीत. पाठीला डबा बांधून मामाने दिलं ढकलून! भर मे महिन्यातही तेव्हा तिला दोन पुरुष पाणी असायचं. काही वर्षांनी गेलो, तर तळाशी नुसता गाळ आणि कुणाची तरी एक चप्पल.

पाणी कोणी चोरलं? तसं कोणीच नाही. शेजारच्या तात्यांनी ऊस लावला. ऊस कारखाना नेतो, पैसे नक्की. त्यासाठी २०० फूट बोअर मारली. आमची विहीर खाली गेली, म्हणून आजोबांनी २५० फूट मारली. मग तिसऱ्याने ३००.

तुम्ही म्हणाल, मोठी माणसं एवढी वेडी कशी? वेडी नव्हती हो! हिशेब करून पाहा. बोअरचा फायदा एकट्या आजोबांचा, पण उतरलेली पातळी साऱ्या शिवाराच्या वाट्याची. बरं, आजोबांनी मोटर बंद ठेवली, तर ते पाणी त्यांच्यासाठी थोडंच शिल्लक राहणार? तात्या उपसणार! त्यात मोटरला मीटर नाही, आकारणी हॉर्सपॉवरवर. एक तास चालवा की दहा तास, बिल तेवढंच. त्या बिलात न आलेला खर्च आजी भरत होती, टँकरच्या रांगेत घागर घेऊन.

यावर तोड काढली होती विलासराव साळुंखे यांनी. हे पुण्याचे इंजिनिअर. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला त्यांनी ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिचा नियम ऐकून मी चाटच पडलो. पाणी जमिनीच्या मापाने नाही, तर घरातल्या माणसांच्या मोजणीने! माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला जमीनच नाही, त्यालाही वाटा. खर्चाचा २० टक्के भार लोकांनीच उचलायचा. आणि ऊस? अजिबात नाही! शेजारी आपलं पाणी पळवणार नाही अशी खात्री असली, की हात आवरता घेणं परवडतं.

आमच्या आजोळीही अशी बैठक बसली. एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा उसावरून मोडली.

मोडणाऱ्यांत मामाही होता. मी विचारलं तर म्हणाला, “तुझ्या मावशीच्या लग्नाचं कर्ज कशावर फेडू रे? बाजरीवर?”

मला उत्तर देता आलं नाही.