चौथाई रस्सा

सासरी, नागपूरच्या महालात, पाटोडीचा रस्सा व्हायचा तो पंधरा-वीस माणसांचा. सासूबाईंची कृतीही त्याच मापाची, "गंजाच्या कड्यापर्यंत पाणी येऊ दे, मग पाहू." आता मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. मुलगी पुण्याला, मुलगा बंगळुरूला. जिभेला चव मात्र त्या गंजातलीच हवी.

आमचे हे गणिताचे निवृत्त मास्तर. मी आठ जणांचं माप सांगितलं, त्यांनी लगेच त्रैराशिक मांडलं आणि सगळ्याला चारानं भागून दिलं. वहीत उत्तर चोख होतं. गॅसवर ते तसं येत नाही, आणि का येत नाही हे शोधता शोधता मला त्याचा नादच लागला.

मुख्य भानगड वाफेची. पाणी उडतं ते वरच्या पसरट भागातून; खाली किती आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. दोन लिटर रस्सा रुंद गंजात उकळताना पाव लिटर पाणी गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच गंजात अर्धा लिटर रस्सा तेवढाच वेळ उकळला, तर पाणी जवळपास तेवढंच जातं आणि रस्सा निम्म्यावर येतो. मीठ-तिखट मात्र जागच्या जागी, म्हणून तो तोंडात घालवत नाही. बरं, उकळायचा वेळ चौथाई करता येत नाही. भाजलेलं खोबरं-खसखस रश्शात उतरायला लागतो तेवढा वेळ लागतोच. यावर माझा तोडगा असा: गंज लहान आणि उभट, झाकण अर्धवट, आधण थोडं जास्त आणि मीठ अगदी शेवटी.

तर्रीचंही तेच. चार चमचे तेल रुंद गंजात पसरलं की नुसते डोळे दिसतात, उभट गंजात त्याचाच चांगला थर बसतो. तर्री कमी दिसली म्हणून तेल ओतत सुटतात, ते मला पटत नाही. तेल वाढवण्याआधी भांडं बदलून पाहावं. फोडणी तेवढी वेगळी छोट्या कढल्यात करावी, नाहीतर मोठ्या कढईच्या बुडालाच सगळं तेल लागतं आणि मोहरी कोरडी जळते.

पाटोड्या थापायची थाळी हा गणिताचा खरा प्रांत. निम्म्या बेसनाला निम्म्या रुंदीची थाळी घ्यावी असं वाटतं. यांनी सांगितलं, दहाचा वर्ग शंभर आणि सातचा एकोणपन्नास. म्हणजे दहा इंची थाळीतलं पीठ निम्मं केलं तर सात इंची थाळी लागेल. तशी घेतली आणि पाटोडीची जाडी नेमकी पूर्वीसारखी आली. पाच इंचीत तीच दुप्पट जाड झाली असती. बर्फी, सांबारवडी, केक, सगळ्यांना हा हिशेब लागू. मास्तरांना त्या दिवशी एक पाटोडी जास्त वाढली.

वाटण मात्र कुठल्याच गणिताला दाद देत नाही. दोघांपुरतं खोबरं, कांदा, लसूण मिक्सरच्या मोठ्या भांड्यात टाकलं की ते भिंतीला चिकटून बसतं आणि पाती मोकळीच फिरतात. चटणीच्या भांड्यालाही काही किमान माल हवाच. मग मी आठ जणांचंच वाटण करते, तेल सुटेपर्यंत परतते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीजरला टाकते. मसाला वेलदोडा आणि दालचिनी चौथाई कशी करणार? तो कोरडा मसाला एकदाच कुटून डबीत भरायचा. इतवारीच्या किराणा ओळीत दगडफूल थोडंसंच मागितलं तर दुकानदार म्हणाला, "काकू, एवढ्याशानं काटाच हालत नाही जी." भिवापुरी मिरचीही पाव किलो मागताना जरा ओशाळायलाच होतं.

वरणाच्या कुकरचं उलटं. डाळ मूठभर घ्या नाहीतर दोन वाट्या, तळाचं पाणी शिट्ट्यांच्या हिशेबानंच घालायचं. ते कमी केलं की कुकर कोरडा पडतो. पुरणाचं तर विचारूच नका. पुरणयंत्राच्या चाळणीला मूठभर पुरण चिकटतंच, आणि तुम्ही केलेलं असतं जेमतेम दोन मुठी.

कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली. तिच्यातलं वाटी-चमच्याचं माप इथे भारी कामाला येतं. वाटीच लहान घेतली की कृती आपोआप लहान होते, भागाकार नको की काही नको. फक्त चमचाही त्याच बेतानं लहान घ्यायचा. भांडं, पाणी आणि वेळ तेवढे आपल्या हाती उरतात. एरवी सगळ्यांचं कौतुक मोठ्या मापालाच. आमच्या नागपूरच्या विष्णू मनोहरांनी २०१८ साली तीन हजार किलो खिचडी शिजवली तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. दोघांची खिचडी नेमकी जमवणाऱ्या बाईकडे कॅमेरा घेऊन कोण येणार?

लोणचंही आता किलोभर कैरीचंच. फोडी तेलात बुडायला हव्यात, म्हणून रुंद बरणी माळ्यावर गेली आणि उभट बाटल्या खाली आल्या. मीठ मात्र फोडी तोलून, पूर्वीच्याच प्रमाणात. "थोडंच आहे, मीठ कमी चालेल" असं म्हणणाऱ्याच्या लोणच्याला बुरशी धरली तर नवल नाही.

वडाभात मात्र मी लहान करत नाही. भिजवलेल्या डाळी भरड वाटायच्या तर मिक्सरला माल हवा, वडे तरंगायला कढईत खोल तेल हवं. चार वड्यांसाठी तेवढं तेल तापवणं जिवावर येतं. तेव्हा तो पूर्वीसारखाच दहा-बारा जणांचा होतो आणि डबे भरून वरच्या मजल्यावरच्या, परीक्षेच्या तयारीला आलेल्या पोरांकडे जातात. डबे पोचवायचं काम मास्तरांचं. परवा त्यांनी तिथेही वही काढली होती, माणशी वडे किती पडतात ते बघायला. पोरांनी त्यांना दारातच थांबवलं, "काका, हिशेब राहू द्या, तेलाची वाटी आणली का?"