आंबोलीच्या नरक्यापासून दोना पावलाच्या खडकापर्यंत



आजऱ्याकडे माझे एक जुने स्नेही आहेत. तीन एकर ऊस, थोडी भातखाचरे, दोन म्हशी. त्यांची धाकटी मुलगी रसायनशास्त्राची एम.एस्सी. झाली आणि पुढे पीएच.डी.साठी गोव्याला गेली. एके दिवशी बांधावर बसलो असता ते म्हणाले, "सायेब, चार वर्सं झाली, पोरगी पाला कुटतीया. आवशिद हुडकतीया म्हनं. आवशिद काय घावंना, आन् तिचं लगीन बी ऱ्हायलंय. तुमी शिकल्याली मानसं. एकदा डोळ्यांनी बघून या आन् मला खरं काय ते सांगा."

मी बी-बियाणे, खते, कीड-रोग यांत उभी हयात घालवलेला माणूस. औषधाच्या संशोधनातले मला काय कळणार? पण स्नेह्याचा शब्द मोडवेना. दिवाळी उरकली आणि मी निघालो. त्या दोन दिवसांत जे पाहिले ते तुम्हालाही सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

पहिला मुक्काम आंबोली. सावंतवाडी तालुक्यातले हे गाव सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहे. पावसाळ्यात येथे सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. हिरण्यकेशी नदी येथेच उगम पावते आणि पूर्वेला आजरा, गडहिंग्लजकडे जाते. म्हणजे माझ्या स्नेह्यांचा ऊस ज्या पाण्यावर वाढतो, ते पाणी येथल्याच जंगलाने धरून ठेवलेले. मुलगी गोव्याहून तिथे येऊन थांबली होती. सोबत तिच्याच प्रयोगशाळेतला एक गोव्याचा मुलगा होता. "काका, बाबांनी पाठवलं ना तुम्हाला?" असे म्हणून ती हसली. मी कबूल करून टाकले.

वनखात्याचे परवानगीपत्र तिच्या पिशवीत होते. पायवाटेने अर्धा तास आत गेल्यावर तिने एक झाड दाखवले. दोन-अडीच पुरुष उंच, खडबडीत सालीचे, लांबट पानांचे. फांदीवर पिकून काळपट जांभळी झालेली फळे लोंबत होती. कोणी वळूनही पाहू नये असे साधे झाड! हाच नरक्या. याच्या फुलांना दुर्गंधी येते, म्हणून कोणी त्याला घाणेरा म्हणतात. आणि गंमत अशी, की याचेच दुसरे नाव अमृता आहे.

या घाणेऱ्या झाडात अमृत आहे तरी कसले? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६६ साली अमेरिकेत डॉ. मन्रो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. ते कर्करोगाच्या पेशी मारते असे दिसून आले. यातले डॉ. वाणी आपल्या नंदुरबारचे. त्यांचा जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचे, पुढचे काम अमेरिकेत. पुढे १९७१ साली याच जोडीने टॅक्सॉल या दुसऱ्या मोठ्या औषधाची रचना उलगडली. आणि १९७२ साली भारतातच संशोधन करणाऱ्या डॉ. गोविंदाचारी आणि डॉ. विश्वनाथन यांनी दाखवून दिले की तेच कॅम्पटोथेसिन आपल्या नरक्यातही आहे, आणि भरपूर आहे.

हे द्रव्य काम कसे करते, ते मुलीने मला दोरीच्या उदाहरणाने समजावले. तुम्ही चऱ्हाट वळता. वळलेल्या चऱ्हाटाचे दोन पदर ओढून वेगळे करू लागलात तर पुढचा पीळ आवळत जातो आणि गाठ बसते. आपल्या पेशीतही असाच दोन पदरांचा पीळदार धागा आहे. पेशीची वाढ होताना तो उलगडावा लागतो. तेव्हा एक कारागीर पुढे येतो, एक पदर कापतो, पीळ सैल करतो आणि पदर पुन्हा सांधून टाकतो. कॅम्पटोथेसिन त्या कारागिराचा हात सांधण्याआधीच धरून ठेवते. पदर तुटलेला राहतो आणि भराभर वाढणारी पेशी मरते. हे गुपित १९८५ साली उलगडले. त्याआधी १९७० च्या सुमारास रोग्यांना हे द्रव्य देऊन पाहिले होते, पण लघवीवाटे रक्त जाण्यासारखा त्रास झाला आणि ते बाजूला पडले. पुढे त्यात फेरफार करून दोन औषधे तयार झाली. १९९६ साली अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. एक बीजाशयाच्या कर्करोगावर, दुसरे मोठ्या आतड्याच्या. म्हणजे झाडापासून औषधापर्यंत ३० वर्षे लागली.

मुलीने झाडाला क्रमांकाचा पत्रा बांधला, दोन डहाळ्या कापल्या, थोडी पाने घेतली. बस्स, एवढेच. कोणत्या भागातल्या कोणत्या झाडात द्रव्य जास्त भरते, हे ती शोधते आहे. आपण आंब्याचे मातृवृक्ष निवडतो ना, तसेच. जास्त द्रव्याचे झाड सापडले तर त्याची रोपे करता येतील आणि जंगलाला हात लावावा लागणार नाही, असा तिचा हिशेब.

परतताना एका वृद्ध गृहस्थांच्या खळ्यात पाणी प्यायला थांबलो. त्यांच्या घरामागे खासगी रान आहे. मुलीने विचारले, "आजोबा, तुमच्या रानातल्या झाडाची एक डहाळी घेऊ का?" म्हाताऱ्याने सरळ नकार दिला. "पैले असेच इल्ले व्यापारी. मुळासकट उपटून न्हेली. आमका काय गावलां? चार दिसांची मजुरी. झाडां गेली ती गेलीच."

मंडळी, यात त्यांची काय चूक? मुळात आणि खोडात द्रव्य जास्त, म्हणून सह्याद्रीच्या पट्ट्यात नरक्याची चोरटी तोड वर्षानुवर्षे झाली आहे. किलोभर वाळल्या मालातून द्रव्य निघते फार तर दोन-चार ग्रॅम, तेव्हा किती झाडे गेली असतील याचा अंदाज तुम्हीच करा. मुलगी वाद घालत बसली नाही. वहीत "नकार" असे लिहिले, आजोबांना नमस्कार केला आणि उठली. मला ते आवडले.

तिथून घाट उतरून सावंतवाडी, बांदा करीत संध्याकाळी पणजी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोना पावला. राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था येथेच आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिची इमारत बाहेरूनच पाहिली आणि पुढे खडकांकडे गेलो. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, त्यामुळे ओहोटी मोठी होती. पाणी हटले आणि जांभ्याचे काळे खडक उघडे पडले. आता गोव्याच्या मुलाची पाळी होती. तो समुद्रातल्या स्पंजाचा अभ्यास करतो.

खडकाच्या कपारीत पिवळट-नारिंगी रंगाचा, भोकाभोकांचा एक गोळा चिकटला होता. मला ती बुरशी वाटली. "काका, हा प्राणी आहे," तो म्हणाला. "याला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. पळता येत नाही. मग माशांनी याला खाऊ नये म्हणून हा काय करणार? अंगात विषारी रसायन बनवणार." म्हणजे जागचा हलू न शकणारा नरक्या आणि जागचा हलू न शकणारा स्पंज, दोघांची युक्ती एकच! कडुनिंबाच्या निंबोळ्यांचा अर्क आपण फवारतो, त्यामागेही हेच आहे.

फ्लोरिडाच्या समुद्रातल्या एका स्पंजात १९५० च्या सुमारास वेगळीच द्रव्ये सापडली. त्यांच्या नमुन्यावर बनवलेले औषध रक्ताच्या कर्करोगावर १९६९ पासून वापरात आहे. त्यासाठी आज स्पंज काढावे लागत नाहीत, कारखान्यात ते तयार होते. शंकूच्या आकाराच्या एका सागरी गोगलगायीच्या विषापासून असह्य वेदनेवरचे औषध निघाले, त्याला २००४ साली मान्यता मिळाली. ते द्रव्य प्रथम शोधले अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नुकत्याच दाखल झालेल्या कोवळ्या विद्यार्थ्याने. किनाऱ्यावर मुलांना घेऊन गेलात तर एवढे मात्र ध्यानात ठेवा, असा जिवंत शंख हाती धरू देऊ नका. तो दंश करतो.

दुपारी त्यांची प्रयोगशाळा पाहिली. सावलीत वाळवलेला पाला दळतात, मद्यार्काच्या जातीच्या द्रवात भिजत ठेवतात, गाळतात, आटवतात. उरतो काळा राप. तो काचेच्या उभ्या नळीत पांढऱ्या भुकटीवर ओततात आणि वरून थेंबथेंब द्रव सोडतात. प्रत्येक घटक वेगळ्या वेगाने खाली उतरतो. शेकडो लहान बाटल्या भरतात आणि एकेक तपासतात. मुलीने खोलीत अंधार केला, एका पट्टीवर जांभळा दिवा धरला. पट्टीवर एक निळा ठिपका चकाकू लागला. "हेच ते, काका." वाटाण्याएवढा ठिपका! चार वर्षे पाला कुटून हाती आले ते हे.

आणि मुलाची गोष्ट तर ऐकवत नव्हती. एका द्रव्याच्या शुद्धीसाठी त्याने एक वर्ष घातले. ते नवे असेल अशी आशा होती. शेवटी रचना कळली, तेव्हा दिसले की दुसऱ्या देशात ते वीस वर्षांपूर्वीच नोंदले गेले आहे. "मग काय केलंत?" मी विचारले. "दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी पुढची बाटली घेतली." बंधूंनो, गारपिटीने बाग गेली तरी पुढच्या हंगामाला आपण नांगर धरतोच ना? मला त्याच्यात शेतकरीच दिसला.

आता तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी.

नरक्याचा काढा, चूर्ण असले काही घरी करू नका आणि कोणी देऊ केले तर घेऊ नका. प्रयोगशाळेतून निघालेले हे द्रव्य म्हणजे विषच, मापाने दिले तरच औषध. घरात कोणाला गाठ, न थांबणारा रक्तस्राव असे काही दिसले तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठा. जडीबुटीत घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

कोणी नरक्याची रोपे घेऊन आला आणि खरेदीची हमी देऊ लागला, तर सफेद मुसळीच्या वेळी किती जणांचे हात पोळले ते आठवा. लेखी करार, खरेदीदाराचा पत्ता आणि वनखात्याचे वाहतुकीचे नियम पाहिल्याशिवाय एक रोपही लावू नका.

रानातली झाडे तोडू देऊ नका. टॅक्सॉलसाठी अमेरिकेत साल सोलून झाडे मारली जात. १२ किलो सालीतून निघे अर्धा ग्रॅम! पुढे फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाच्या पानांतून ते बनवण्याची वाट काढली. पाने पुन्हा फुटतात, झाड जगते.

आणि शेवटचे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी लागते. गावातल्या वनस्पतींची आणि त्यांविषयीच्या माहितीची नोंदवही तिने ठेवायची असते. व्यापारी माल नेतो तेव्हा गावाला वाटा मागता येतो. केरळातल्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या एका रानवनस्पतीपासून औषध झाले आणि त्यापोटी संशोधन संस्थेला मिळणाऱ्या परवाना-शुल्काचा आणि रॉयल्टीचा निम्मा वाटा त्यांना देण्याचे ठरले. तुमच्या पंचायतीत ती वही आहे का, एकदा विचारा. आंबोलीच्या आजोबांना हे कोणी आधी सांगितले असते, तर कदाचित त्यांचे रान वाचले असते.

परत येऊन स्नेह्यांना मी खरे तेच सांगितले. म्हटले, "तुमच्या मुलीच्या हातून औषध होईलच असे नाही. बहुतेकांच्या हातून होत नाही. पण ती कोणालाही फसवत नाही, आणि झाड न मारता काम करते." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे ही पेरणीच म्हना की. पीक दुसरंच कोनतरी कापनार."

"तसंच समजा," मी म्हणालो.

गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. घराच्या मागे, फणसाच्या सावलीत, मुलीने आणून दिलेली नरक्याची दोन रोपे त्यांनी स्वतः लावली आहेत.