दोन मिनिटांची शांतता

नोएल कॉवर्डने ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ हे नाटक १९३० साली शांघायमध्ये लिहिलं. फ्लूमधून उठता उठता, चारेक दिवसांत. एलियट आणि अमांडा यांचा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली आहेत. दोघांनी नुकतीच दुसरी लग्नं केली आहेत. मधुचंद्राला दोघंही फ्रान्सच्या किनाऱ्यावर, एकाच हॉटेलात, शेजारशेजारच्या खोल्यांत उतरतात. बाल्कनीत गाठ पडते आणि नव्या जोडीदारांना तिथंच टाकून जुनं जोडपं पॅरिसला पळून जातं.

•

या नाटकातला एक करार मला फार आवडतो. भांडण पेटायला लागलं की दोघांपैकी कुणीही एक ठरलेला शब्द म्हणायचा, मग दोन मिनिटं अगदी गप्प. ज्यांनी संसार केलाय त्यांना या दोन मिनिटांचं मोल सांगावं लागत नाही.

•

१९८३ मध्ये ब्रॉडवेवर अमांडा झाली एलिझाबेथ टेलर आणि एलियट झाला रिचर्ड बर्टन. ‘क्लिओपात्रा’च्या चित्रीकरणात रोमला जुळलेलं प्रेम, तेव्हा दोघंही विवाहित. १९६४ मध्ये लग्न, १९७४ मध्ये घटस्फोट, १९७५ मध्ये बोट्स्वानात पुन्हा लग्न, १९७६ मध्ये पुन्हा घटस्फोट. आता ती ५१ वर्षांची, तो ५७ वर्षांचा. कॉवर्डने स्वतः एलियट रंगवला तेव्हा तो तिशीत होता.

•

समीक्षकांनी प्रयोग झोडपून काढला. वयाचा दोष मला पटत नाही. पन्नाशीनंतर जुनं माणूस पुन्हा समोर आलं तर काळीज हलतं, उलट जास्तच हलतं. अडचण वेगळी होती. प्रेक्षक अमांडाला भेटायला आलेच नव्हते. ते लिझ आणि डिकला, म्हणजे खऱ्या टेलर-बर्टनला, एका खोलीत बघायला आले होते. वाक्य कॉवर्डचं, हशा मात्र त्यांच्या घटस्फोटाला. अशा हशाखाली नाटक कसं उभं राहणार?

•

एलियटने हॉटेलात टाकून दिलेल्या बायकोचं नाव सिबिल. बर्टनच्या पहिल्या बायकोचं नावही सिबिलच. चौदा वर्षांचा संसार, दोन मुली, आणि टेलरसाठी मोडलेलं घर. प्रत्येक प्रयोगाला तेच नाव त्याच्या तोंडी. हा योगायोग कळल्यापासून तो पहिला अंक मला नुसता विनोदी वाटत नाही. जिचं घर मोडलं, तिला त्या रंगमंचावर स्वतःचं एकही वाक्य नव्हतं.

•

प्रयोग चालू असतानाच, जुलैमध्ये, बर्टनने लास व्हेगासला सॅली हेशी लग्न केलं. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो गेला, ५८ व्या वर्षी. बीबीसीने २०१३ मध्ये त्या दिवसांवर ‘बर्टन अँड टेलर’ हा चित्रपट केला. हेलेना बॉनहॅम कार्टर आणि डॉमिनिक वेस्ट. तालमीचे दिवस मन लावून पाहावेत असे.

•

आता दुसरी गोष्ट, नायिका तीच. १९५८ साली टेलरचा नवरा माइक टॉड विमान अपघातात गेला. त्याचा जिवलग मित्र, गायक एडी फिशर, तिचं सांत्वन करता करता तिचाच झाला. १९५९ मध्ये त्यांनी लग्न केलं. एडीची बायको डेबी रेनॉल्ड्स, टेलरची मैत्रीण. पदरात दोन लहान मुलं. धाकट्याचं नाव, माइकवरूनच, टॉड. थोरली कॅरी.

•

ही कॅरी फिशर मोठी होऊन लेखिका झाली. २००१ च्या ‘दीज ओल्ड ब्रॉड्स’ या टीव्ही-चित्रपटाच्या पटकथेत तिचा हात आहे. एकमेकींचं तोंडही न बघणाऱ्या तीन जुन्या नट्यांना एका कार्यक्रमासाठी एकत्र आणायचं, असं कथानक. शर्ली मॅक्लेन, जोन कॉलिन्स आणि डेबी. त्यांची एजंट, एलिझाबेथ टेलर. आणि गोष्टीत एक फ्रेडी आहे, जो एकेकाळी डेबीच्या पात्राला सोडून टेलरच्या पात्राकडे गेला होता.

•

आपल्याकडे सवतीचा मत्सर म्हणजे दळणाच्या ओव्यांपासून चालत आलेला विषय. पण मुलीने लिहावं, आईने बोलावं, आणि जिच्यापायी बाप घर सोडून गेला तिनं समोर बसून ते ऐकावं, हसावं, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

•

म्हणून मला वाटतं, मोडलेल्या संसाराचा विनोद करण्याचा पहिला हक्क ज्याला लागलं त्याचा. १९८३ मध्ये लोक हसले आणि ती दोघं हशाखाली दबली. २००१ मध्ये जखम जिची होती तिच्याच घरातून विनोद आला, म्हणून तो कुणाला बोचत नाही.

•

डेबी आणि एलिझाबेथ यांचा समेट खूप आधीच, एका जहाजावरच्या भेटीत झाला होता. चारचौघांसमोर त्यावर हसायला मात्र १९५९ पासून ४२ वर्षं लागली. एलियट-अमांडाचा करार दोन मिनिटांचा होता. काही घरांतली शांतता इतकी लांबते, आणि तरीही ती संपते, हे पाहून मला धीर येतो.