गप्प झालेली जनुके

अण्णांच्या बायॉप्सीच्या अहवालात एक ओळ होती : ‘एसमॅड-४ प्रथिन आढळले नाही.’ नांदेडच्या घराची झोप कर्करोग या शब्दापेक्षा त्या ओळीने अधिक उडवली. पुतण्याने लातूरला फोन करून विचारले, "आत्या, म्हणजे आमच्यातही ते नसेल?"

मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. अहमदपूर, लोहा करीत एसटीने नांदेड गाठले. भेटायला येणारा जो तो मनोहर पर्रीकरांचे नाव काढी. त्याने रुग्णाला काय धीर मिळणार, कोण जाणे!

स्वादुपिंडाच्या बहुतेक कर्करोगांत केआरएएस हे जनुक बिघडून पेशींना सतत वाढण्याचा हुकूम देत राहते. त्याला आवर घालणारी जनुके मात्र गप्प होतात. एसमॅड-४ त्यांपैकीच, १९९६ साली याच कर्करोगाच्या अभ्यासातून ते उजेडात आले. सुमारे निम्म्या रुग्णांच्या गाठींत ते निकामी झालेले असते. पी-१६ या जनुकाचा कधी तुकडाच गळतो, तर कधी पोथी शाबूत असून कपाटाला रासायनिक कुलूप लागते.

पुतण्याला सांगितले, हे हरवणे बहुधा केवळ गाठीतल्या पेशींपुरते असते. ते मुलांकडे जात नाही. आनुवंशिक दोष शंभरांतील सुमारे दहा रुग्णांत सापडतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी असते, ती डॉक्टरांना विचारून करावी.

वहिनींचे दुःख निराळेच होते. वरणावर तुपाची धार धरूनही अण्णांच्या अंगी काही लागत नव्हते. शौचाला तेलकट, पाण्यावर तरंगणारे होई. निरोगी स्वादुपिंडात लायपेजसारखी पाचक प्रथिने घडवणारी जनुके अखंड राबतात. गाठीच्या जागी त्यांचा आवाज क्षीण होतो. शिवाय गाठीने नलिका अडवली की उरलासुरला पाचकरसही आतड्यात उतरत नाही. वहिनींच्या हातच्या अन्नात उणे काहीच नव्हते.

डॉक्टरांनी पाचक प्रथिनांच्या कॅप्सूल लिहून दिल्याच होत्या, परंतु त्या जेवणानंतर तासाभराने दिल्या जात. त्या पहिल्या घासासोबत घ्यायच्या असतात, जेवण लांबले तर काही मध्येही. चावायच्या नाहीत, गरम चहात तर मुळीच घालायच्या नाहीत. डॉक्टरांशी बोलून वेळ बदलली. तूप बंद केले नाही.

पंधरवड्याने अण्णांनी वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी संपवली आणि मीठ कमी पडल्याबद्दल वहिनींना पूर्वीसारखे सुनावले. वहिनी पदराआड हसल्या.