विषय क्रमांक चार : पार्किंग

मागच्या रविवारी आमच्या कॉलेजात माजी विद्यार्थी संघाची मीटिंग होती. विषय क्रमांक चार, पार्किंग. जुन्या बास्केटबॉल कोर्टवर पेव्हर ब्लॉक टाकून गाड्यांची सोय करायची. "तसंही तिथं खेळतंय कोण?" असं कुणीतरी म्हणालं. हात वर झाले. खरं सांगतो, माझाही झाला. मग चहा आला, वडे आले, विषय संपला.

रात्री झोप लागेना.

जे आमच्या गावचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. त्या कोर्टवर एका माणसाने तीस-एक वर्षं घालवली. आमचे सर. पद 'शारीरिक शिक्षण संचालक', पण त्यांच्या हाताखाली शिपाईसुद्धा नव्हता. सकाळी सहाला फक्की घेऊन स्वतः लाइन मारायचे. मॅचला एसटीने जायचो, टीए-डीए मिळायचा तेव्हा मिळायचा, तोवर सरांचा खिसा. मुलींची टीम उभी करायला घरोघर फिरले. "रात्री मी स्वतः घरापर्यंत आणून सोडीन" हा त्यांचा शब्द आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही. त्या टीममधल्या दोघी आज पोलीस खात्यात आहेत.

आम्ही किती कप जिंकलो? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे सरांच्या निरोपाला हार, शाल, श्रीफळ झालं आणि दहा मिनिटांत कार्यक्रम आटोपला.

मध्यंतरी मी क्लॅरेन्स गेन्स या अमेरिकन कोचबद्दल वाचत होतो. धिप्पाड माणूस, टोपणनाव 'बिग हाउस'. उत्तर कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलममध्ये कृष्णवर्णीयांसाठीचं एक छोटं कॉलेज होतं, शिक्षक घडवणारं. तिथे ते 1946 पासून बास्केटबॉलचे मुख्य कोच झाले. सुरुवातीला फुटबॉलही त्यांच्याकडेच. काळ वर्णभेदाचा. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारं या मुलांना बंद, प्रवासात हॉटेलात खोली मिळण्याची मारामार. त्या परिस्थितीत हा माणूस 47 वर्षं एकाच कॉलेजात राहिला. 1993 मध्ये थांबला तेव्हा खात्यावर 828 विजय होते. आणि 447 पराभवसुद्धा.

1967 मध्ये त्यांच्या टीमने छोट्या कॉलेजांच्या गटातली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजने एनसीएएचं बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्या टीममधला अर्ल मन्रो त्या वर्षी मॅचमागे सरासरी 41.5 गुण काढत होता. पुढे तो एनबीएत मोठा खेळाडू झाला.

पण मला मन्रोपेक्षा त्या 447 पराभवांचं जास्त वाटलं. हरल्यावर सोमवारी पुन्हा प्रॅक्टिस घेणारा माणूस त्या कॉलेजने 47 वर्षं जपला. आज तिथल्या क्रीडा संकुलाला त्यांचं नाव आहे.

गेन्स आणि आमचे सर यांची तुलना करत नाहीये. सर स्वतःच हसतील. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. छोट्या कॉलेजात खेळ म्हणजे एक माणूस. तो असला तर मैदान, तो गेला की गवत. मन्रो नंतर येतो, आधी कुणीतरी रोज कोर्टवर उभं असावं लागतं.

आमच्याकडे सर रिटायर झाले आणि जागा भरलीच गेली नाही. एक मुलगा तासिका तत्त्वावर येतो, तो तरी किती करणार? म्हणजे "तिथं खेळतंय कोण" हा प्रश्नच उलटा आहे. खेळायला शिकवणारा ठेवला नाही, म्हणून कोणी खेळत नाही. आणि कोणी खेळत नाही, म्हणून पार्किंग. नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे म्हणून आपण भाषणात सांगतो. पण तालुक्याच्या पोराने तिथवर जायचं कुठल्या मैदानावरून?

काल धीर करून सरांना फोन केला. मी हात वर केल्याचंही सांगितलं. वाटलं, झापतील. सर थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "अरे, पोरांच्या गाड्या उन्हात असतात, सोय तर पाहिजेच. फक्त रिंगा भंगारात घालू नका. चांगल्या आहेत अजून."

यापेक्षा झापलं असतं तर बरं झालं असतं.

तर आज सकाळी मी संघाच्या सचिवांना पत्र दिलंय. माझा होकार मागे घेतोय. गाड्यांसाठी मागच्या गेटजवळची पडीक जागा बघा आणि रिकाम्या पदाचा पाठपुरावा करणारा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये घ्या, एवढंच लिहिलंय. एकट्याच्या पत्राने काय होणार, हे मलाही कळतं. म्हणून ही पोस्ट.

येत्या रविवारी सकाळी सातला मी कोर्टवर असेन. गवत काढायला विळा आणि लाइन मारायला फक्की आणतोय. गुडघे गेलेत हे कारण चालणार नाही, माझेही गेलेत. जुन्या खेळाडूंनी यावं. आणि ज्यांनी माझ्यासारखा हात वर केला होता, त्यांनी तर नक्कीच यावं.

बॉल कोणाकडे असेल तर कमेंटमध्ये सांगा. माझ्याकडचा केव्हाच फुटलाय.