वऱ्हाडास न आलेला ‘लोकमान्य’

मुंबईच्या प्रवासात इगतपुरीस आमच्या गाडीचे एंजिन बदलत असे. तेवढ्यात आम्ही वडिलांचा हात सोडून फलाटाच्या टोकाशी धावत असू. आम्हांस ‘लोकमान्य’ पाहावयाचा होता! चित्तरंजनच्या कारखान्याचे हे पहिले विजेचे एंजिन १९६१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते रुळांवर आले. सहा आसांवर सहा मोटारी. परंतु प्रवाह १५०० व्होल्टचा, एकाच दिशेने वाहणारा. ती तार इगतपुरीस संपे. भुसावळकडे २५,००० व्होल्टचा, दिशा पालटणारा प्रवाह. टिळकांचे जिवलग दादासाहेब खापर्डे अमरावतीचे, आणि टिळकांच्या नावाचे एंजिन बडनेऱ्यास येऊ शकत नव्हते, ही गोष्ट आम्हांस फार लागे. दर खेपेस त्याच जातीचे दुसरे एंजिन उभे असे, व मागून वडिलांची हाक येई, “अरे पोरा, गाडी सुटते!”