तिळाएवढ्या शंखाचं वर्णन

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही आमची तिन्ही शहरं एकाच काळ्या पाषाणावर वसली आहेत. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर याच जातीच्या दगडातून घडलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा कातळ तयार झाला. पण तो लाव्हा अखंड वाहत नव्हता. दख्खनभर, दोन उद्रेकांमधल्या शांत काळात कुठे कुठे तळी साचत, त्यांत गोगलगायी नांदत, आणि पुढचा लोंढा आला की त्यांचे शंख गाळासकट गाडले जात.

नागपूरजवळच्या टाकळीला अशा थरांचा अभ्यास स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्यांनी केला. १८६० साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात त्यांनी शंखांच्या अनेक नव्या जातींचं वर्णन छापलं. राजमहेंद्रीकडचे समुद्री शंखही त्यात होते.

असं वर्णन करायचं म्हणजे शंखाचं टोक वर आणि मुख आपल्याकडे धरायचं. बहुतेक शंखांचं मुख उजव्या हाताला येतं. याच थरांतल्या ‘फायसा प्रिन्सेपी’चं मात्र डाव्या हाताला. मग वेढे मोजायचे, उंची-रुंदी मापायची, दोन वेढ्यांमधली खाच खोल की उथळ ते पाहायचं. शंख तिळाएवढा असला तर हे सगळं भिंगाखाली. त्यानंतर आजवर नोंदलेल्या जातींशी एकेक करून पडताळा घ्यायचा. वेगळेपण टिकलं तरच नाव द्यायचं, आणि ज्या नमुन्यावरून ते दिलं तो संग्रहालयात जपायचा.

या शेवटच्या पायरीपुढे मी नतमस्तक होतो. आपलं म्हणणं उद्या कुणाला खोडून काढता यावं, याची सोय इथे माणूस स्वतःच करून ठेवतो. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटहून परतताना नदीत बुडून गेले. त्यांच्या काही जाती पुढे दुसऱ्या वंशांत हलवल्या गेल्या, तरी त्यांचं काम वाया गेलं नाही. त्यांनी नीट लिहून ठेवलं होतं, म्हणूनच ते दुरुस्त करता आलं.

आमच्या शाळा-कॉलेजांत प्रत्येक मुलाकडून एकदा तरी हातातल्या एखाद्या शंखाचं, दगडाचं, बीचं असं वर्णन करून घ्यावं. ज्यानं ते मनापासून केलं, तो पुढे ऐकीव गोष्ट पडताळल्याशिवाय पुढे ढकलणार नाही.